एक गाठ, दोन गाठी

करांगसारीच्या शाळेसमोर वागियेमचं झेरॉक्सचं दुकान आहे. आमच्या गावात ज्याच्या घरी कागद आहे, त्याचा कागद कधी ना कधी तिच्या हाताखालून गेलेला आहे. जन्माचे दाखले, लग्नपत्रिका, पोरांचे प्रकल्प, मशिदीच्या समितीची पत्रकं, झाडून सगळं. वागियेम स्वतः चौथीपर्यंत शिकली, पण कागदाचा गठ्ठा नुसता बघून त्यात पानं किती हे ती सांगते आणि एखाद्या पानापलीकडे चुकत नाही. स्पायरल करण्यात तर तिचा हात धरणारं कुणी नाही. भोकं पाडायच्या यंत्राची दांडी खाली येते, तार फिरते, टोक आत वळतं, आणि गिऱ्हाईकाचा चहा अजून अर्धा असतो. बावीस वर्षांत तिच्या तारेचं टोक कुणाच्या बोटाला टोचलेलं नाही. हे ती स्वतः सांगत नाही, पण कुणी विचारलं तर लगेच सांगते.

अशा बाईला गेल्या वर्षी गावानं यू क्लिरू म्हणायला सुरुवात केली. यू म्हणजे ताई आणि क्लिरू म्हणजे चुकलेली. चुकलेली ताई. माणसानं बावीस वर्षं न चुकता काम करावं आणि त्याला हे नाव मिळावं, याला काय म्हणायचं ते मला अजून कळलेलं नाही.

झालं ते असं. गावात बायकांचा गामेलान, म्हणजे काशाच्या पट्ट्या आणि घंटांचा ताफा, वाजवणारा गट आहे. चौदा बायका दर गुरुवारी दुपारी गावच्या मंडपात जमतात. प्रत्येकीच्या समोर वाद्यांचा एक संच असतो आणि डाव्या अंगाला काटकोनात दुसरा. समोरचा स्लेंद्रो सुरांचा, बाजूचा पेलोग सुरांचा. सूर लिहायचे आकड्यांनी. गोची अशी की दोन्हीकडे आकडे तेच, चालही पहिल्या दोन ओळी जवळजवळ तीच. फरक एवढाच की पेलोगमध्ये एक ते सात सगळे आकडे आहेत आणि स्लेंद्रोत चार आणि सात मुळी नाहीतच. म्हणून प्रत्येकीला दोन वह्या लागतात, स्लेंद्रोची एक, पेलोगची एक. त्याही स्पायरलच्या, कारण उजव्या हातात हातोडी असते आणि डावा हात आधीची पट्टी धरून तिचा नाद थांबवत असतो. वही दाबून धरायला तिसरा हात देवानं दिलेला नाही. साधी वही मिटते, स्पायरलची मुकाट्यानं पसरून पडते.

चौदा दुणे अठ्ठावीस वह्या वागियेमनं बांधल्या. आतले आकडे तिनं यंत्रावर मोठे करून अंगठ्याएवढे केले होते, म्हाताऱ्या डोळ्यांनाही दिसावेत म्हणून. बाहेरचं मात्र तिच्या हातात नव्हतं. बाहेरचं बू रेत्नोनं ठरवलं. बू रेत्नो म्हणजे आमच्या सरपंचांची बायको, गटाची प्रमुख आणि गाण्याची सुरुवात करणारी. ती छोट्या घंटांच्या दोन रांगांवर पहिले सूर वाजवते आणि बाकीच्या तेरा जणी तिच्या मागे येतात. बाई मनानं वाईट नाही, पण फोटोत चांगलं दिसण्याचं तिला व्यसन आहे. तिनं ठरवलं की सगळ्या वह्यांची वेष्टनं हिरवी, अंगात घालायच्या केबायाच्या, म्हणजे लांब पोलक्याच्या, कापडासारखी. नावाचं लेबल एवढंसं, खालच्या कोपऱ्यात, कॉम्प्युटरवरच्या नाजूक अक्षरात. ठसठशीत अक्षरं तिला भाजीबाजारातल्या पाटीसारखी वाटत होती. आणि स्पर्धेच्या दिवशी रंगमंचावर जायच्या आधी तिनं फर्मान काढलं की चष्मे काढा. अंबाडा, केबाया आणि नाकावर चष्मा, म्हणजे बाई बँकेत कामाला असल्यासारखी दिसते, असं तिचं म्हणणं. अकरा चष्मे पिशव्यांत गेले, तिचा स्वतःचा धरून.

स्पर्धेत गाणं आधीच ठरलेलं असतं, पण ते कोणत्या सुरांत वाजवायचं याची चिठ्ठी आयत्या वेळी निघते. निघालं स्लेंद्रो. सगळ्या स्लेंद्रोच्या वाद्यांसमोर बसल्या आणि सात जणींनी पेलोगच्या वह्या उघडल्या. दोन ओळी निभावल्या. तिसऱ्या ओळीत चार आला. गटातली सगळ्यांत मोठी, चौऱ्याहत्तर वर्षांची म्बा तुकिरा, म्हणजे तुकिरा आजी, हातोडी हवेत धरून थांबली आणि शेजारणीला म्हणाली, "अगं, माझी चारची पट्टी कुणी नेली?" माइक तिच्यासमोरच होता. सभागृह हसलं, परीक्षक हसले, आणि सात जणींनी मनाला येईल ती पट्टी वाजवली. करांगसारीचा नंबर शेवटून पहिला आला.

परतीच्या वाटेवर टेम्पोत बू रेत्नो म्हणाली की वह्या बांधतानाच वागियेमनं पानांची सरमिसळ केली. बहुधा तिनं ते फार विचार करून म्हटलं नव्हतं, पण खापर फोडायला डोकं लागतंच आणि ज्या डोक्यावर फोडायचं ते टेम्पोत नव्हतं. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं. वागियेमनं दुसऱ्या दिवशी अठ्ठावीस वह्या पान न् पान तपासल्या. एकही पान इकडचं तिकडे नव्हतं. तिनं तसं चार जणींना सांगितलं. त्या बरं म्हणाल्या आणि दुसरं बोलू लागल्या.

नावाचं तिला फारसं वाटलं नसतं. पण मोठ्या शाळेनं आपलं काम तालुक्याला नेलं. आणि जी गिऱ्हाइकं आली ती काउंटरवर उभी राहून, तिच्या डोळ्यांदेखत, एकेक पान मोजू लागली. बावीस वर्षांत कुणी मोजलं नव्हतं. तिचा नवरा सार्नो शेजारीच सायकली दुरुस्त करतो. तो म्हणाला, "मनाला लावून घेऊ नकोस. मला नाही का सगळे पंक्चर म्हणत?"

"तू पंक्चर काढतोस म्हणून म्हणतात," वागियेम म्हणाली. "मी काय चुका विकते?"

सार्नो पंपाला तेल घालू लागला.

यंदा जूनमध्ये स्पर्धेची तारीख लागली तशी वागियेम दुकान बंद करून सरळ सरपंचांच्या घरी गेली. वह्या यंदाही मीच बांधणार, असं तिनं ओसरीवर बसायच्या आधीच सांगितलं. बू रेत्नोनं चहा आणवला आणि गोड बोलून शहरातल्या दुकानाचं नाव काढलं.

"शहरातला तार छान घालेल हो," वागियेम म्हणाली. "पण चौदा बायकांतल्या कुणाचा चष्मा कुठे राहतो, हे त्याला कसं ठाऊक असणार?"

बू रेत्नोचा हात नकळत खिशाशी गेला, तिथे चष्मा होता. मग तिनं अटी घातल्या. वेष्टन हिरवंच. वर ठसठशीत अक्षरं नकोत, रंगीत स्टिकर नकोत. आणि पुन्हा काही घोळ झाला तर गटाचं काम कायमचं बंद. वागियेमनं सगळं कबूल केलं. पायऱ्या उतरताना तिच्या लक्षात आलं की ओळखू येणार नाहीत अशाच वह्या ओळखू येतील अशा करायचं काम तिनं अंगावर घेतलंय.

मग ती दर गुरुवारी मंडपात जाऊन मागच्या खांबाला टेकून बसू लागली. बायकांना वाटायचं, बिचारी लाजेनं मागे बसते. ती हात बघत होती. तीन गुरुवारांत तिला एक गोष्ट कळली. वही उचलताना एकही बाई वहीकडे बघत नाही. एक शेजारणीच्या नव्या कानातल्यांकडे बघते, एक वाजवायला शिकवणाऱ्या गुरुजींकडे, एक दारातून कोण आलं तिकडे. हात आपला खाली जातो आणि हाताला लागेल ते घेऊन वर येतो. लेबल कितीही सुरेख असलं तरी ते डोळ्यांसाठी होतं आणि वही उचलत होता हात. गेल्या वर्षी सगळ्यांनी चष्मे लावले असते तरी दोघी-तिघी चुकल्याच असत्या, असं तिला वाटू लागलं.

उत्तर मिळालं ते म्बा तुकिराच्या स्वयंपाकघरात. म्हातारीनं तिला चहाला बसवून घेतलं. चुलीच्या वर खुंटीला दोन फडक्यांच्या पुरचुंड्या टांगलेल्या होत्या, दोन्ही एकाच जुन्या कापडाच्या, दोन्ही सारख्या कळकट. म्हातारीचा चष्मा देवळीत होता. तिनं वर न बघता हात घातला, एक पुरचुंडी चाचपली, सोडली, दुसरी चाचपली आणि तीतली साखर चहात घातली. वागियेमनं विचारलं की न बघता कसं कळतं.

"मिठाला एक गाठ, साखरेला दोन," म्बा म्हणाली. "डोळे केव्हाचे गेले गं, बोटं अजून माझीच आहेत."

वागियेमनं चहा तसाच ठेवला आणि म्हातारीच्या पाया पडली. म्हातारीला वाटलं, साखर जास्त झाली की काय.

दुसऱ्या दिवसापासून ती दारोदार फिरली. प्रत्येकीकडे एकच मागणं, तुमच्या जुन्या जारिकचा तुकडा द्या. जारिक म्हणजे आमचं नेसायचं बातिक. ते फाटलं तरी आमच्या बायका टाकत नाहीत, त्याची आधी चादर होते, मग झोळी, मग फडकं. त्यातली वीतभर चिंधी मागितली की बाई आधी हसते आणि मग तासभर बोलत बसते. एकीनं लग्नातल्या जारिकचा काठ दिला. एकीनं नाही म्हटलं आणि वागियेम फाटकापर्यंत पोचल्यावर धावत येऊन उशीच्या अभ्र्याचा कोपरा कापून दिला. म्बा तुकिरानं दिली ती झोळीची पट्टी, जिच्यात तिनं पाचही पोरं कडेवर वागवली होती. दोन-तीन दारांत "या यू क्लिरू" असं स्वागतही झालं. वागियेमनं ते गिळलं आणि चिंधी घेतली.

प्रत्येक चिंधीचे तिनं दोन तुकडे केले आणि एकेक तुकडा वहीच्या तारेच्या शेवटच्या वेढ्यात ओवला. स्लेंद्रोच्या वहीला एक गाठ, पेलोगच्या वहीला दोन गाठी. वही कुणाची ते कापड सांगणार होतं आणि कोणत्या सुरांची ते गाठी. वेष्टन हिरवंच राहिलं, वर एक अक्षर नाही, एक स्टिकर नाही.

बू रेत्नो तेवढी अडली. "माझ्या वहीला चिंधी नको," ती म्हणाली. "स्वयंपाकघरातलं फडकं घेऊन मी रंगमंचावर बसू का? मला माझ्या वह्या कळतात." वागियेमनं मान डोलावली. मग ती गटाचे केबाया शिवणाऱ्या शिंप्याकडे गेली आणि बू रेत्नोच्या केबायाच्या कापडातला उरलेला तुकडा मागून आणला. हिरवा, वेष्टनाच्या रंगात पार मिसळून जाणारा. तो तिनं तारेच्या आतल्या बाजूनं ओवला, एका वहीला एक गाठ, दुसरीला दोन, आणि टोकं कापून टाकली. बू रेत्नोनं वह्या घेतल्या, उलटसुलट बघितल्या आणि बऱ्या झाल्यात म्हणाली.

ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी सकाळी सगळा गट जिल्ह्याच्या सभागृहाशी पोचला. वह्यांची जबाबदारी म्हणून वागियेमही टेम्पोत होती, दुकानातल्याच कपड्यांत, रबरी चपला घालून. खोकं सार्नोनं बांधलं होतं. सायकलींच्या बाबतीत सार्नो हुशार आहे, दोरीच्या बाबतीत नाही. पायरीवर खोकं उतरवताना दोरी सुटली आणि अठ्ठावीस हिरव्या वह्या पायऱ्यांवर पसरल्या. दहा मिनिटांत त्यांचं नाव पुकारलं जाणार होतं. गुरुजींनी कपाळाला हात लावला.

बायका मात्र घाबरल्या नाहीत. तीन-तीन किलोच्या अंबाड्यांमुळे त्यांना मान खाली घालता येत नव्हती. म्हणून त्या ताठ मानेनं गुडघ्यांवर बसल्या आणि हात पसरून चाचपू लागल्या. ही माझ्या लग्नातली. ही उशीची. म्बा तुकिरानं दोन्ही वह्या सगळ्यांच्या आधी ओढून काढल्या.

"पाच पोरं वागवलेलं कापड मला कळणार नाही होय?" ती म्हणाली.

शेवटी दोन वह्या उरल्या, ज्यांना चिंधी दिसत नव्हती. त्या बू रेत्नोच्या. तिनं उचलल्या आणि ती पुढे चालू लागली. चष्मे पुन्हा पिशव्यांत होते. यंदा फर्मान काढावं लागलं नव्हतं, सगळ्यांनी आपण होऊनच काढले होते.

चिठ्ठी निघाली. पेलोग.

वागियेम रंगमंचाच्या बाजूच्या दारात उभी होती. चौदा जणी एकदम डावीकडे वळून बसल्या. तेरा हात खाली गेले, बोटांनी तारेचं टोक धरलं, दोन गाठी मोजल्या, वही उघडली. एवढं सगळं होताना कुणीही खाली बघितलं नाही, सगळ्या परीक्षकांकडे बघून हसत होत्या. मग वागियेमची नजर बू रेत्नोकडे गेली. बू रेत्नोनं वरची वही उचलून पुढ्यात उघडली होती, आणि ती बारीक होती. पेलोगची वही अठरा पानांची, स्लेंद्रोची चौदा. चार पानांचा फरक दुसऱ्या कुणाला दहा पावलांवरून दिसला नसता. वागियेमला दिसला.

ओरडायची सोय नव्हती. बाहेरून कुणी एक शब्द बोललं तर गट बाद, असा नियम. सुरुवात बू रेत्नोची. ती ज्या वहीतून वाजवेल तिच्या मागे तेरा जणी जाणार आणि सगळ्याच बुडणार. मग वागियेमला ना दुकानात तोंड वर करता आलं असतं ना गावात. तिनं दाराची चौकट घट्ट धरली आणि मनात एवढंच म्हणत राहिली की वही सपाट कर, बाई, वही सपाट कर. कारण नवी स्पायरल पहिल्यांदा उघडली की कडेला जराशी उचलते, आणि प्रत्येक माणूस तिच्यावरून वरून खाली हात फिरवतो. बावीस वर्षांत तिनं हजारो लोकांना तसं करताना बघितलं होतं.

बू रेत्नोनं दोन्ही काठ्या एका हातात घेतल्या आणि दुसरा हात तारेवरून खाली फिरवला. टोकाशी आल्यावर बोट थांबलं. तिनं खाली बघितलं. चष्म्याशिवाय तिला नुसतं हिरवं दिसलं असणार. तिनं पुन्हा चाचपलं. एक गाठ. चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून तिनं ती वही बाजूला सारली, खालची घेतली, टोक चाचपलं. दोन. मग तिनं क्षणभर दाराकडे बघितलं, काठ्या उचलल्या आणि पेलोगचे पहिले सूर वाजवले.

त्या सुरांवर बाकीच्या तेरा जणी अशा आल्या की गुरुजी बसल्या जागी ताठ झाले. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. तिसऱ्या ओळीत चार आला. सगळ्या हातोड्या एकदम त्या चारवर पडल्या, आणि म्बा तुकिराची तर वर्षभराचा राग काढल्यासारखी पडली. मागे टांगलेली मोठी घंटा वाजली आणि तिचा नाद वागियेमच्या हातातल्या चौकटीत उतरला. ती रडत होती आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती.

करांगसारीचा पहिला नंबर आला. आमच्या गावाचा गामेलानमध्ये पहिला नंबर आल्याचं कुणाच्याच आठवणीत नाही.

बक्षीस घ्यायला बू रेत्नो पुढे गेली. तिनं ढाल हातात घेतली, पण खाली उतरली नाही. तिनं माइक मागून घेतला.

"गेल्या वर्षी वह्या बांधणारीनं घोळ घातला असं मी म्हणाले होते," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीपेक्षा लहान होता. "घोळ माझा होता. चष्मे मी काढायला लावले. आणि आज चिंधी नको म्हणणारीही मीच. तिनं ती तरीही बांधली नसती तर आता मी सगळ्यांना घेऊन बुडाले असते. वागियेम, वर या."

वागियेम रबरी चपलांचा फटफट आवाज करत वर गेली. सभागृह टाळ्या वाजवत होतं. कुणीतरी माइक तिच्या तोंडासमोर धरला. आभार मानायची रीत तिला माहीत होती, पण वर्षभर तिच्या तोंडात एकच वाक्य होतं आणि ते ऐकायला कुणी थांबलं नव्हतं. आता सहाशे माणसं थांबली होती.

"गेल्या वर्षीसुद्धा पानं बरोबर होती," ती म्हणाली, आणि माइक परत दिला.

फोटोवाला पुढे आला तेव्हा बू रेत्नोनं त्याला हात करून थांबवलं. तिनं पिशवी मागवली, आपला चष्मा काढून नाकावर ठेवला आणि बाकीच्यांकडे बघितलं. एकेक करून उरलेले दहा चष्मे बाहेर आले.

तो फोटो आता दुकानात यंत्राच्या वर लावलेला आहे. केबाया, अंबाडे, चष्मे, हातात चिंध्यांच्या वह्या, आणि मधोमध दुकानातल्या कपड्यांत वागियेम. मोठ्या शाळेचं काम परत आलं आहे. पानं आता कुणी मोजत नाही. यू क्लिरू म्हणून एकानं हाक मारली होती, तेव्हा दारातून जाणाऱ्या म्बा तुकिरानं त्याला काठी दाखवली. फोटोची चौकट सार्नोनं केली. खिळा ठोकताना त्यानं विचारलं की खाली कोण, केव्हा, कुठे, असं एखादं लेबल लावू का.

"नको," वागियेम म्हणाली आणि यंत्राची दांडी खाली ओढली. "ओळखू येतंय सगळ्यांना."